डिलीट केलेली खासगी फाइल पुन्हा पुन्हा समोर येते: कारण शोधण्याची आणि ती खरोखर पुसण्याची पद्धत

ओळखपत्राची स्कॅन केलेली प्रत, वैद्यकीय अहवाल, पगाराचा तपशील किंवा एखादे घरगुती छायाचित्र संगणकावरून डिलीट करावे, रिसायकल बिनही रिकामा करावा, आणि काही दिवसांनी तीच फाइल त्याच फोल्डरमध्ये, शोधाच्या निकालात, फोनच्या गॅलरीत किंवा दुसऱ्याच कोणाच्या संगणकावर दिसावी, ही तक्रार फार नेहमीची आहे. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: ती फाइल पुन्हा डिलीट करतात. महिन्याभराने ती परत येते, मग संगणकात व्हायरस शिरल्याची शंका येते, एखादे ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर घातले जाते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते.

या तक्रारीचे मूळ एका गैरसमजात आहे. डिलीट ही आज्ञा मजकूर नष्ट करत नाही, ती एका ठिकाणची एक नोंद काढून टाकते. फाइल मात्र आजच्या काळात एकाच ठिकाणी क्वचितच असते. ती जिथे जिथे पोहोचली आहे तिथपर्यंत आपण मागोमाग गेलो नाही, तर ती कुठल्या ना कुठल्या वाटेने परत येणारच. म्हणून पुसण्याची घाई न करता आधी ती कोणत्या वाटेने परत आली हे ठरवावे लागते.

आधी लक्षण नीट पाहावे

फाइल ‘परत आली’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. ती मूळ नावानिशी मूळ फोल्डरमध्ये दिसत असेल आणि उघडतही असेल, तर सर्वांत आधी सिंककडे, म्हणजे इंटरनेटवरील साठवण-सेवेमार्फत सर्व उपकरणांवरील फाइली सारख्या ठेवण्याच्या सोयीकडे, पाहावे. नाव किंवा लहानसे चित्र दिसते, पण उघडायला गेल्यास ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा ती फाइल नसून तिची मागे राहिलेली खूण असते. फाइल कुठेच दिसत नाही, पण रिकव्हरी सॉफ्टवेअर, म्हणजे डिलीट झालेल्या फाइली शोधून परत मिळवणारे सॉफ्टवेअर, चालवल्यावर सापडते, तेव्हा प्रश्न डिस्कवरील मोकळ्या जागेचा असतो. ती दुसऱ्या व्यक्तीकडे निघाली असेल, तर आपणच ती कधीतरी ईमेलने किंवा मेसेजमधून पाठवली होती का, सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाठवलेल्या ईमेलच्या फोल्डरमध्ये जोडलेली फाइल वर्षानुवर्षे तशीच असते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

परत आलेली फाइल पुसण्यापूर्वी तिचा पूर्ण पत्ता, म्हणजे ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा संपूर्ण मार्ग, आणि तिच्या तारखा लिहून ठेवाव्यात. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास फाइल तयार झाल्याची आणि तिच्यात शेवटचा बदल झाल्याची या तारखा दिसतात. तयार झाल्याची तारीख शेवटच्या बदलाच्या तारखेनंतरची असेल, तर बहुधा ती प्रत या डिस्कवर दुसरीकडून उतरलेली आहे. ती तारीख आपण डिलीट केल्यानंतरची असेल, तर शोध सिंक आणि बॅकअप यांच्यापासून सुरू करावा. फाइल घाईने पुसली की हा पुरावाही जातो, आणि नंतर केवळ अंदाज बांधत बसावे लागते.

फाइल त्याच फोल्डरमध्ये परत येते

या तक्रारीमागे सिंक असते तेव्हा ते नेमके काय करते हे समजून घेण्यासाठी थोडा वेळ द्यावा, कारण पुढचे सर्व उपाय त्यावर अवलंबून आहेत.

सिंक करणारे अ‍ॅप प्रत्येक उपकरणावर फाइलींची एक यादी ठेवते आणि तशीच एक यादी सेवेच्या सर्व्हरवर असते. दोन्ही याद्या जुळवून पाहणे हे त्या अ‍ॅपचे काम. आता एखादी फाइल संगणकावर आहे आणि सर्व्हरवर नाही असे आढळले, तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात: ती फाइल नवीन आहे आणि अजून वर चढवायची राहिली आहे, किंवा ती दुसऱ्या उपकरणावरून डिलीट झाली आहे आणि इथूनही काढायची आहे. केवळ फाइल नसण्यावरून या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून सेवेला ‘ही फाइल होती आणि अमुक वेळी काढली गेली’ अशी वेगळी खूण जपावी लागते. ही खूण हरवली, किंवा अ‍ॅप पुन्हा नव्याने बसवल्यामुळे उपकरणावरची जुनी यादी पुसली गेली, की अ‍ॅपच्या दृष्टीने जुनी फाइल नवी ठरते आणि ती वर चढवली जाते. फाइल गमावण्यापेक्षा एखादी जास्तीची राहिलेली बरी, असा विचार या रचनेमागे असतो. माहिती टिकवण्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे, मात्र खासगीपणाच्या दृष्टीने नेमका उलटा पडतो.

व्यवहारात याचे मूळ बहुतेक वेळा कपाटात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये किंवा जुन्या फोनमध्ये सापडते. कित्येक महिन्यांनी कोणीतरी तो सुरू करते, तो इंटरनेटला जोडला जातो, आणि त्याच्यावरील जुनी प्रत सर्व उपकरणांवर पुन्हा पसरते. दुसरे कारण म्हणजे एकाच फोल्डरवर दोन सेवा चालू असणे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर एका सेवेने आधीच आपल्याकडे घेतलेले असतात आणि वापरकर्त्याने त्यावर दुसऱ्या सेवेचाही बॅकअप लावलेला असतो. दोन मालकांच्या ताब्यातील घरासारखी त्या फोल्डरची अवस्था होते, एकाने बाहेर काढलेले सामान दुसरा परत आत आणतो.

दोष नेहमी वापरकर्त्याचाच असतो असेही नाही. २०१७ च्या जानेवारीत ड्रॉपबॉक्सच्या काही ग्राहकांना अनेक वर्षांपूर्वी डिलीट केलेल्या फाइली आपल्या खात्यात परत आलेल्या दिसल्या. मेटाडेटामधील, म्हणजे फाइलींविषयीच्या नोंदींमधील, विसंगतीमुळे त्या फाइली कायमच्या पुसण्याच्या प्रक्रियेतून वगळल्या गेल्या होत्या आणि ती विसंगती दुरुस्त करताना चुकून खात्यांमध्ये परत आल्या, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. २०२४ च्या मे महिन्यात आयओएस १७.५ बसवल्यानंतर काही आयफोनवर जुनी डिलीट केलेली छायाचित्रे पुन्हा उगवली. डेटाबेस खराब झाल्याने असे घडत असल्याचे सांगून अ‍ॅपलने १७.५.१ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी दिलेली नाहीत. आपण ‘कायमचे डिलीट’ हे बटण दाबतो तेव्हा पुढचे काम दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या नियमांनुसार होते, एवढे त्यांवरून ध्यानात घ्यावे.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सर्व उपकरणांवरील सिंक थांबवावे. त्यानंतर ब्राउझरमधून थेट सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन फाइलचा आवृत्ती-इतिहास किंवा हालचालींची नोंद पाहावी. अनेक सेवा तिथे फाइल केव्हा आणि कोणत्या खात्यातून आली हे दाखवतात आणि काही सेवा उपकरणाचे नावही दाखवतात. खात्याशी जोडलेल्या उपकरणांची यादी याच वेळी पाहून, जी उपकरणे विकली, दिली किंवा हरवली आहेत ती काढून टाकावीत. मग फाइल संकेतस्थळावरून डिलीट करून तिथला बिन वेगळा रिकामा करावा. हा बिन संगणकावरच्या रिसायकल बिनपेक्षा निराळा असतो आणि त्याची मुदतही निराळी असते: गूगल ड्राइव्हमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, कार्यालयीन वनड्राइव्हमध्ये सामान्यतः ९३ दिवस, तर गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या छायाचित्रांसाठी ६० दिवस. शेवटी एकेक उपकरण जोडावे आणि प्रत्येकाचे सिंक पूर्ण होईपर्यंत थांबून फाइल परत आली का हे पाहावे. जे उपकरण जोडताच ती परत येते, ते उपकरण दोषी. त्याचे इंटरनेट बंद करून, सिंक अ‍ॅपमधून खाते काढून, तिथली प्रत हाताने पुसावी आणि मगच ते पुन्हा जोडावे. सर्व उपकरणे एकदम सुरू केल्यास कोणामुळे फाइल आली हे कधीच कळत नाही, आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

रिकामा दिसणारा पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्हमध्ये काहीच दिसत नाही, तरीही त्यातील बरीच जागा व्यापलेली दाखवली जाते, ही याच तक्रारीची बहीण आहे. मॅकवर पेन ड्राइव्हमधील फाइल डिलीट केली की ती त्याच पेन ड्राइव्हवरच्या ‘ट्रॅशेस’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांमध्येही ‘ट्रॅश’ शब्दाने सुरू होणारा असाच लपवलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर तयार होतो. ट्रॅश रिकामा करेपर्यंत फाइल तिथे पूर्णपणे शाबूत असते आणि पेन ड्राइव्हसोबत प्रवास करते. विंडोज मात्र पेन ड्राइव्हवरील फाइल सहसा बिनमध्ये न टाकता थेट काढते. त्यामुळे विंडोजच्या सवयीने मॅक वापरणारे लोक इथे हमखास फसतात.

एका सहकाऱ्यांनी मला एकदा ‘रिकामा आहे, वापरा’ असे म्हणून पेन ड्राइव्ह दिला होता. लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय माझ्याकडे नेहमी सुरू असतो, म्हणून ट्रॅशचा फोल्डर दिसला आणि त्यात त्यांच्या घरातील माणसांच्या वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल होते. फाइली न उघडता मी तो परत केला. त्यांचा चेहरा पाहून एवढे मात्र जाणवले की हे त्यांना आधीच कोणीतरी सांगायला हवे होते. पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करून तो एकदा पाहावा, आणि महत्त्वाचे काही त्यावर कधी ठेवले असेल तर शक्यतो तो देऊच नये. याचे कारण पुढे एसएसडीच्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, संदर्भात येईल.

फाइल गेली, खुणा राहिल्या

विंडोज छायाचित्रांची लहान चित्रे, म्हणजे थंबनेल, एका वेगळ्या साठ्यात जमा करून ठेवते. मूळ छायाचित्र गेल्यावरही ते लहान चित्र तिथे राहू शकते, आणि ओळखपत्राचे किंवा चेहऱ्याचे लहान चित्रही पुष्कळ काही सांगून जाते. सेटिंग्जमधील स्टोरेज या भागात तात्पुरत्या फाइलींच्या यादीत थंबनेलचा पर्याय असतो, तो निवडून साफ करावा. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांमधील प्रायव्हसी या विभागातून रिकामी करता येते. शोधाच्या सूचीत मजकूर शिल्लक असेल, तर इंडेक्सिंगच्या प्रगत पर्यायांतून सूची नव्याने बांधून घ्यावी. लेखनाच्या सॉफ्टवेअरने आपोआप जतन केलेल्या प्रती आणि डाउनलोड्स फोल्डरमधील पहिली मूळ प्रत, या दोन जागा विशेष करून पाहाव्यात. ईमेलमधून उघडलेली फाइल बहुधा डाउनलोड्समध्येच पडून असते आणि आपण केवळ तिची नक्कल डिलीट केलेली असते.

विंडोजमधील रिस्टोअर पॉइंट, फाइलच्या पूर्वीच्या आवृत्त्या, फाइल हिस्टरी आणि मॅकवरील टाइम मशीन या जुनी स्थिती किंवा जुन्या प्रती जपणाऱ्या सोयींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांत फाइलच्या प्रती असणे हा दोष नसून त्यांचे ते कामच आहे. खासगी फाइल परत येते म्हणून संतापाने सगळा बॅकअप बंद करणाऱ्यांना मी कळकळीने थांबवू इच्छितो. डिस्क बंद पडण्याचा किंवा खंडणीखोर सॉफ्टवेअरने फाइली अडकवण्याचा धोका खरा आहे, आणि त्या वेळी बॅकअपशिवाय दुसरा आधार नसतो. बॅकअपमधून ती एक फाइल काढता येत असेल तर काढावी, येत नसेल तर बॅकअपची डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून, सुरक्षित ठेवावी आणि जुने बॅकअप आपापल्या मुदतीने जाऊ द्यावेत.

याखेरीज संगणकाची मेमरी अपुरी पडली की तिच्यातील मजकूर डिस्कवरील पेजफाइलमध्ये उतरतो, आणि संगणक हायबरनेट केला, म्हणजे चालू काम जसेच्या तसे जपून बंद केला, की मेमरीतील आशय डिस्कवरील एका फाइलमध्ये लिहिला जातो. उघडलेल्या दस्तऐवजाचे तुकडे तिथेही असू शकतात. ते एकेक करून वेचणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले काम नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. त्यावरचा उपाय एन्क्रिप्शनच्या भागात आहे.

फाइलच्या आतून काढलेला भाग

कधी फाइल आपण ठेवतो आणि तिच्यातला थोडाच भाग काढतो: छायाचित्राची कड कापतो, दस्तऐवजातील खाते क्रमांकावर काळी पट्टी ओढतो. पीडीएफमध्ये नुसती काळी पट्टी ओढल्यास खालची अक्षरे तशीच राहतात आणि मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतात. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवरील मार्कअप या साधनात आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष उघड झाला, की कापलेले चित्र मूळ फाइलवरच जतन केल्यास जुन्या चित्राचा मजकूर फाइलच्या शेवटी उरत असे आणि कापलेला भाग अंशतः परत मिळवता येत असे. दोन्ही साधने पुढे दुरुस्त झाली, पण दुरुस्तीपूर्वी पाठवलेली चित्रे जशी होती तशीच राहिली. म्हणून असा भाग झाकायचा असेल, तेव्हा झाकलेल्या पानाचे नवे चित्र काढून ते नव्या फाइलमध्ये जतन करावे आणि तेच पाठवावे.

रिकव्हरी सॉफ्टवेअरला फाइल सापडते

सर्व प्रती आणि बिन साफ केल्यावरही एखादे मोफत रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइल काढून दाखवते, तेव्हा अनेकांना धक्का बसतो. पेन ड्राइव्हवर फाइलींच्या नोंदी ठेवण्यासाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या फॅट पद्धतीत फाइल डिलीट करताना तिच्या नोंदीतील नावाचे पहिले अक्षर एका ठरावीक चिन्हाने बदलले जाते आणि तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकुराला कोणी हातही लावत नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीतही नोंद ‘वापरात नाही’ अशी ठरते आणि मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. इथे एक बारकावा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. एनटीएफएसमधील प्रत्येक नोंद सामान्यतः १०२४ बाइटची असते, आणि फाइल त्यात मावण्याइतकी लहान असली तर तिचा सगळा मजकूर नोंदीतच ठेवला जातो. चार ओळींत पासवर्ड लिहून ठेवलेली साधी टेक्स्ट फाइल नेमकी अशीच असते. मोकळी जागा पुसणारी साधी साधने अशा नोंदींपर्यंत पोहोचतीलच याची खात्री नसते. पासवर्ड टेक्स्ट फाइलमध्ये न लिहिता पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवावेत, या सल्ल्यामागे हेही एक ठोस कारण आहे.

चुंबकीय हार्ड डिस्कवर उपाय सरळ आहे: मजकुराच्या जागी दुसरे काहीतरी लिहावे. संगणक-सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये मांडलेली ३५ वेळा लिहिण्याची पद्धत अजूनही अनेक सॉफ्टवेअरमध्ये अभिमानाने मिरवली जाते, पण ती त्या काळातील निरनिराळ्या डिस्कच्या रचनांसाठी होती आणि आधुनिक डिस्कवर ती पूर्ण करण्यात अर्थ नाही, हे स्वतः गटमन यांनीच नंतर स्पष्ट केले. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक दस्तऐवजानुसार आजच्या चुंबकीय डिस्कवर सामान्यतः एकदाच लिहिणे पुरेसे ठरते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सायफर’ ही आज्ञा ‘डब्ल्यू’ या पर्यायासह वापरता येते. ती असलेल्या फाइलींना धक्का न लावता केवळ मोकळ्या जागेवर तीन फेऱ्यांत लिहिते. मोठ्या डिस्कवर तिला कित्येक तास लागू शकतात, म्हणून ती रात्री लावून ठेवणे सोयीचे. फॉरमॅट करायचे झाल्यास क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहितो, क्विक फॉरमॅट मात्र प्रामुख्याने नोंदींचा तक्ता नव्याने मांडतो.

एसएसडीवर हे सारे गणित बदलते. एसएसडीतील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो, म्हणून तिचा नियंत्रक झीज सर्व कप्प्यांवर सारखी वाटतो. आपण ‘त्याच जागी’ लिहायला सांगितले, तरी तो नवा मजकूर भलत्याच कप्प्यात ठेवतो आणि जुना कप्पा नंतर साफ करण्यासाठी बाजूला काढतो. शिवाय संगणकाला न दिसणारे काही राखीव कप्पेही असतात. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकेक फाइल वर लिहून पुसण्याच्या सर्व पद्धती एसएसडीवर अपुऱ्या ठरल्या: फाइलच्या मजकुराचा ४ ते ७५ टक्के भाग चिपमध्ये शिल्लक सापडला. मॅकवरचा ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ हा पर्याय २०१५ मध्ये याच कारणाने काढून टाकण्यात आला, फ्लॅश साठवणीवर, म्हणजे एसएसडीत असतात तशा चिपवर, त्याची हमी देता येत नव्हती. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डही फ्लॅशवरच चालतात, म्हणून मघाशी ते कोणाला देऊ नयेत असे म्हटले.

एसएसडीच्या बाजूची गोष्ट म्हणजे ट्रिम. ही सूचना विंडोज ७ पासून उपलब्ध आहे. फाइल डिलीट होताच हे कप्पे आता नको आहेत असे ती एसएसडीला कळवते, आणि त्यानंतर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे सहसा काहीच मिळत नाही. आपल्या एसएसडीवरची फाइल तरीही सापडत असेल, तर ट्रिम बंद आहे का हे तपासावे: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एफएसयुटिल’ या आज्ञेने ‘डिसेबल डिलीट नोटिफाय’ ची स्थिती विचारल्यास ० हे उत्तर म्हणजे ट्रिम सुरू, १ म्हणजे बंद. यूएसबीने जोडलेल्या बाह्य एसएसडीपर्यंत ट्रिम अनेकदा पोहोचत नाही, म्हणून तिथे फाइली अधिक काळ टिकून राहतात. एसएसडीवर मोकळी जागा पुसण्याची साधने वारंवार चालवू नयेत, त्याने डिस्कची झीज होते आणि खात्री मात्र मिळत नाही.

पुसण्याची तयारी साठवण्यापूर्वीच करावी लागते

इथपर्यंतचे उपाय म्हणजे सांडलेले पाणी टिपणे. पुसण्यावर भिस्त न ठेवता मजकूर मुळातच वाचता येणार नाही अशा रूपात डिस्कवर उतरवणे, म्हणजेच एन्क्रिप्शन, हा खरा उपाय आहे. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट असेल, तर पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, थंबनेल, एसएसडीचे राखीव कप्पे या सर्व ठिकाणी उरलेले तुकडे किल्लीशिवाय, म्हणजे मजकूर उलगडणाऱ्या गुप्त संकेताशिवाय, निरर्थक ठरतात. पुसायचे झाल्यास सगळी डिस्क पुसावी लागत नाही, किल्ली नष्ट केली की पुरे. विंडोजमध्ये यासाठी बिटलॉकर किंवा काही आवृत्त्यांत डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स, आणि निवडक फाइलींसाठी वेराक्रिप्टसारखे मुक्त सॉफ्टवेअर.

बिटलॉकर सुरू करताना विचारला जाणारा एक प्रश्न लोक वाचतच नाहीत: केवळ वापरातील जागा एन्क्रिप्ट करायची की संपूर्ण ड्राइव्ह? नव्या, कोऱ्या डिस्कवर पहिला पर्याय चालतो. वापरात असलेल्या डिस्कवर तो निवडला, तर पूर्वी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या जागेत उघड्या रूपातच राहतात, आणि आपण मात्र डिस्क सुरक्षित झाली असे समजून चालतो. जुन्या डिस्कवर नेहमी संपूर्ण ड्राइव्हचाच पर्याय घ्यावा, त्याला वेळ जास्त लागला तरी चालेल.

बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळी डिस्क उघडण्याचा राखीव क्रमांक, ४८ अंकी असते. संगणकाच्या मदरबोर्डमध्ये किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) बदल झाल्यास ती मागितली जाऊ शकते, आणि त्या क्षणी ती नसेल तर आपलीच माहिती आपल्याला दुरावते. ती कागदावर छापून घरात सुरक्षित जागी ठेवावी. त्याच डिस्कवर ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच राहते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या डिव्हाइस एन्क्रिप्शनमध्ये ही की त्या खात्यात ऑनलाइन जमा होते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड मजबूत असणे आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असणे अत्यावश्यक ठरते. एन्क्रिप्शन सुरू करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो.

एन्क्रिप्शनची मर्यादाही स्पष्ट असावी. संगणक सुरू आणि उघडा असताना ते कोणालाच अडवत नाही, आणि क्लाउडवर गेलेल्या प्रतीला डिस्कच्या एन्क्रिप्शनचे संरक्षण मिळत नाही. फार खासगी फाइली क्लाउडवर ठेवायच्याच असतील, तर आधी आपल्या संगणकावर एन्क्रिप्ट करून मग वर चढवाव्यात. मग सिंकने जुनी प्रत कितीही वेळा परत आणली, तरी ती पासवर्डशिवाय उघडणार नाही.

संगणक किंवा डिस्क हातावेगळी करताना

सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलात या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या, आधी कोणीतरी वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ पूर्णपणे पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्ड क्रमांक आणि वैद्यकीय पत्रव्यवहारही आढळला. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फाइली डिलीट केल्या होत्या किंवा डिस्क फॉरमॅट केली होती. आपले काम झाले असेच त्यांना वाटले असणार.

फोनच्या बाबतीत आज परिस्थिती बरी आहे. आयफोन आणि अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील आवृत्तीसह विक्रीला आलेले फोन मजकूर एन्क्रिप्ट करूनच ठेवतात, म्हणून खाते काढून फॅक्टरी रीसेट केल्यास किल्ली जाते आणि मजकूर निरुपयोगी होतो. मेमरी कार्ड मात्र आधी बाहेर काढून घ्यावे. विंडोजमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ करताना सगळे काढून टाकण्यासोबत ड्राइव्ह साफ करण्याचा अधिकचा पर्याय निवडावा लागतो, तो आपोआप निवडलेला असेलच असे नाही. एसएसडी असल्यास बायोसमधील किंवा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील सिक्युअर इरेजची, म्हणजे डिस्कनेच स्वतःचे सर्व कप्पे पुसण्याची, सोय वापरावी, आणि तत्पूर्वी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर उत्तमच.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे बंद पडलेली डिस्क. तिच्यावर लिहिता येत नाही, म्हणून पुसता येत नाही, पण तज्ज्ञाला तिच्यातून वाचता येण्याची शक्यता असते. हार्ड डिस्क असेल तर आतल्या तबकड्या नष्ट कराव्या लागतात, आणि एसएसडी असेल तर प्रत्येक चिप वेगळी फोडावी लागते, कारण एक चिप शाबूत राहिली तरी तिच्यातला मजकूर शाबूत राहतो. हमीच्या काळात बंद पडलेली डिस्क बदलून घेण्यासाठी तर ती जशीच्या तशी परत द्यावी लागते, आणि ती पुढे कोणाच्या हातात जाते हे आपल्याला दिसत नाही. अशी डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल, तर ती निर्धास्तपणे देता येते. नसेल, तर तिच्यावर काय काय होते हे आधी आठवून पाहावे, आणि आठवलेले अस्वस्थ करणारे असेल तर हमीचा फायदा सोडून डिस्क स्वतःकडेच ठेवावी.